टाके घातल्यानंतरचे शास्त्र

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची रास होण्याच्या दिवसांत आणि पुढे हळदीच्या हंगामात हात जायबंदी होतात. हडंब्यात पीक सारताना बाही अडकते, कडबाकुट्टीच्या पात्याखाली बोटे जातात, हळद शिजवताना वाफेने किंवा उकळत्या पाण्याने हातपाय भाजतात. मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाच्या मानेला आणि खांद्याला असा हिसका बसतो की अख्खा हात लुळा पडतो. ही माणसे दवाखान्यात पोचतात, जखम धुतली जाते, टाके पडतात, पट्टी बांधून ती घरी जातात. इथवरची हकीकत सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

गेलेला किंवा निकामी झालेला अवयव पुन्हा घडवणारी शस्त्रक्रिया आणि तुटलेल्या मज्जातंतूंची शस्त्रक्रिया या दोन शाखा शेजारीशेजारी वाढल्या. दोन्हींच्या ग्रंथांत छेद कुठे घ्यावा, टाका कसा घालावा यावर प्रकरणेच्या प्रकरणे सापडतात. जखम भरण्याच्या काळाला मात्र शेवटची दोन पाने मिळतात. हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. या शाखेत चांगल्या हाताने केलेली शस्त्रक्रियाही पुढच्या वर्षभरात वाया जाऊ शकते, आणि ते वर्ष रुग्ण आपल्या गावात काढतो. म्हणून या विद्येचे घर मुंबई-पुण्याच्या शस्त्रक्रियागृहाइतकेच सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत इथेही आहे. या विद्येकडे येणाऱ्या विद्यार्थ्याचे, परिचारिकेचे, फिजिओथेरपिस्टचे आणि आशाताईंचे मी मनापासून स्वागत करतो.

पहिली साक्ष पुण्याजवळची आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र छापले गेले. त्यात कावसजी नावाच्या मराठी शेतकरी गाडीवानाची हकीकत होती. तो इंग्रजी फौजेत बैल हाकत असे. १७९२च्या युद्धात टिपूच्या सैनिकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवे नाक बसवले. टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी पुढे १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये तिचे पुस्तक लिहिले, आणि कपाळाच्या कातडीचे नाक युरोपात पोचले. प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात ही गोष्ट येते, ती अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान योग्यच आहे.

पण ते पत्र मी विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणासाठी वाचायला सांगतो. त्यातल्या प्रत्यक्ष कापण्याच्या भागाइतकेच लक्ष पुढच्या दिवसांकडे दिलेले आहे. काथाच्या लेपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या जखमेवर ठेवायच्या आणि चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने पाठीवर पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या आक्रसू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. दोन भुवयांच्या मध्ये ठेवलेला कातडीचा सांधा तेवढे दिवस नव्या नाकाला रक्त पुरवतो. नाक आपल्या जागी रक्त घेऊ लागले की साधारण पंचविसाव्या दिवशी तो सोडवायचा. त्या कारागिराला रक्तवाहिन्यांचे शरीरशास्त्र शाळेत कुणी शिकवले नव्हते. तरी केव्हा थांबायचे आणि केव्हा हात घालायचा हे त्याला नेमके माहीत होते. आजही कातडीचा पट्टा फिरवून जखम झाकताना आपण हाच हिशेब करतो. १९७२ मध्ये मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी जांघेतल्या कातडीचा पट्टा वर्णिला. त्यात हडंब्याने सोललेला हात जांघेला शिवून रुग्णाला तीन आठवडे तसेच ठेवावे लागते. ते तीन आठवडे त्याला जेवू कोण घालते, कपडे कोण बदलते, खांदा आखडू नये म्हणून कोण लक्ष ठेवते, यावर त्या हाताचे भवितव्य अवलंबून असते.

कावसजीला नाक मिळाले. हात मिळाला नाही, आणि त्या काळी मिळणे शक्यही नव्हते. कातडीला रक्त पोचले की ती जगते. हाताला त्याहून जास्त काही लागते. त्याला हाड, कंडरा, रक्तवाहिन्या आणि सर्वांत अवघड म्हणजे मज्जातंतू लागतात. मुंबईत २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर एका मुलीचे दोन्ही हात रेल्वेखाली गेले. ऑगस्ट २०२० मध्ये डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकाने परळच्या रुग्णालयात तिला मृत दात्याचे हात बसवले. बातम्या शस्त्रक्रियेच्या तासांच्या आल्या. खरे काम त्यानंतर महिनोन्महिने चालते, कारण मज्जातंतू वाढण्याचा एक वेग आहे आणि कोणत्याही शल्यविशारदाला तो फारसा बदलता आलेला नाही. तो वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर आहे.

या आकड्याभोवती ही सगळी विद्या फिरते, म्हणून इथे जरा थांबू. १८५० मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखवले की तंतू तुटला की पेशीपासून दूर गेलेला तुकडा मरतो. काही दिवसांत त्याचे अवशेष उरतात. पण त्या तंतूभोवतीच्या श्वान पेशी मरत नाहीत. त्या कचरा साफ करतात आणि रांग धरून नळीसारखा मार्ग तयार ठेवतात. वरच्या टोकातून नवा अंकुर फुटून त्या मार्गाने खाली उतरतो. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल: पाणी सुटण्याआधी पाट उकरून ठेवलेला असतो, पाणी वेळेत आले तर शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते, फार उशीर झाला तर पाटात गाळ बसतो. मज्जातंतूच्या मार्गातही तसेच होते. श्वान पेशींची उमेद महिन्यागणिक कमी होते, वाटेत तंतुमय ऊती माजते, आणि पलीकडे वाट पाहणारा स्नायू वर्ष-दीड वर्षात आज्ञा घेण्याच्या पलीकडे जातो.

आता गणित करा. मनगटाजवळ काचेने मज्जातंतू कापला तर बोटाच्या टोकापर्यंत पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे सहा-सात महिने. मानेजवळ तुटला तर हाताच्या पंजापर्यंत दोन वर्षांहून जास्त. तोवर पंज्याचे छोटे स्नायू गेलेले असतात. या गणिताने शस्त्रक्रियेचा विचारच बदलला. दोन टोके ओढूनताणून जोडू नयेत, मध्ये पायाच्या पोटरीमागच्या संवेदनेच्या तंतूचा तुकडा ताण न देता बसवावा, हे व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी १९७०च्या आसपास पटवून दिले. १९९४ मध्ये पॅरिसच्या क्रिस्टोफ ओबेर्लिन यांनी आणखी धीट वाट काढली. मानेतून तंतू खाली यायची वाट न पाहता त्यांनी पंज्याकडे जाणाऱ्या धडधाकट मज्जातंतूतला एक छोटा जुडगा दंडातच वळवून कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडला. अंतर काही सेंटिमीटरवर आले. महाराष्ट्रात डॉ. मुकुंद थत्ते आणि डॉ. अनिल भाटिया यांच्यासारख्यांनी खांद्याच्या मज्जातंतूजालाच्या शस्त्रक्रियेत आयुष्ये घातली आहेत. मोटारसायकलवरून पडलेला हिंगोलीचा तरुण त्यांच्यासारख्या तज्ज्ञाकडे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोचला तर कोपर वाकण्याची चांगली आशा असते. दीड वर्षाने पोचला तर ही दारे बंद झालेली असतात आणि कंडरा वळवण्यासारखे वेगळे उपाय उरतात.

तो उशीर का होतो? ‘नस दबली आहे, येईल हळूहळू’ असे कुणीतरी सांगते, आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शने चालू होतात. कधीकधी ते खरेही ठरते. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये युद्धातल्या जखमा पाहून मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार पाडले. नुसता धक्का बसलेला तंतू काही आठवड्यांत आपोआप जागा होतो. आतले धागे तुटले पण आवरण शाबूत असेल तर मिलिमीटरच्या वेगाने सुधारणा होते. पूर्ण तुटला असेल तर कितीही औषध दिले तरी तो आपण होऊन जुळत नाही. पहिल्या दिवशी या तिघांत फरक करणे कठीण असते, पण जखम धारदार शस्त्राची असेल आणि बोट बधिर असेल तर तंतू तुटला आहे असे धरूनच तपासायला हवे. या पुस्तकातले पहिले प्रकरण म्हणूनच बधिरपणा कसा तपासावा याविषयी आहे. टाका घालण्याआधी सुन्न करण्याचे इंजेक्शन दिले की ही तपासणी करता येत नाही. दोन मिनिटांचे काम आहे आणि ते राहून गेले की माणसाचे वर्ष जाते.

मज्जातंतूंचा विचार आपल्याकडे कुष्ठरोगाने शिकवला. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत, कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत मुक्काम करतो: कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्यामागे. बोटे वाकडी होतात, पाऊल लोंबते, डोळा मिटत नाही. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून कंडरा वळवून वाकडी बोटे सरळ करायला सुरुवात केली. महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशीर अंटिया यांनी उभे केले. इंग्लंडात हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेला हा सर्जन पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया करू लागला, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याने प्लास्टिक सर्जरीचा विभाग घडवला. वाकलेली बोटे सरळ करून अंटियांचे समाधान झाले नाही. मुळात मज्जातंतू का मरतो हे शोधण्यासाठी त्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय संशोधनाची संस्था काढली. आणि त्याच दशकात रायगड जिल्ह्यात मांडव्याच्या परिसरात गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. शस्त्रक्रियेत एवढे नाव मिळवलेला माणूस खेड्यात का गेला, असे अनेकांना वाटले. मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याने बधिर पावलावरच्या जखमा वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत त्याला कळते की रोज संध्याकाळी पाऊल उलटे करून पाहणारी व्यक्ती घरात किंवा शेजारी नसेल तर ऑपरेशनचा उपयोग थोडा.

बधिर हाताचेही तेच. शस्त्रक्रियेनंतर संवेदना यायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत चुलीजवळ बसणारी बाई तव्याच्या कडेला हात टेकवते, तिला कळत नाही. भाजल्याचा फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. म्हणून उचटणे, लांब दांड्याची भांडी, रोज हात डोळ्यांनी तपासणे हे सगळे उपचारच आहेत. पुढे संवेदना येऊ लागली की मेंदूला ती पुन्हा शिकवावी लागते, कारण नवे तंतू जुन्याच पत्त्यावर पोचतील याची खात्री नसते. एका बोटाला केलेला स्पर्श दुसऱ्या बोटाचा वाटतो. स्वीडनचे गोरान लुंडबोर्ग यांनी या शिकवणीचे महत्त्व सांगितले आहे. आपल्याकडे तिला सामान लागत नाही. डोळे मिटून ताटलीतले तुरीचे दाणे, ज्वारी, सोयाबीन, नाणे, किल्ली ओळखायची. चुकले की डोळे उघडून पाहायचे आणि पुन्हा मिटायचे. दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ. हे घरातले दहा वर्षांचे पोरही करून घेऊ शकते.

जखम भरण्याबद्दल महाराष्ट्राने जगाला दिलेले काम पुरेसे सांगितले जात नाही, म्हणून ते मी इथे मुद्दाम नोंदवतो. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि डॉ. पाटील यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली बांधून पाहिल्या आणि १९८५ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ भाजलेल्या रुग्णांत मध आणि नेहमीचे चांदीचे मलम यांची तुलना छापली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी बटाट्याच्या सालीशी ताडून पाहिली. तो लेख २००३चा. हे तिन्ही प्रयत्न गरिबीतून आले, हे खरे. पण त्यांचे मोल त्यांच्या स्वस्ताईत मी मानत नाही. घरातली वस्तू आहे म्हणून ती चांगलीच असणार असे त्यांनी गृहीत धरले नाही. त्यांनी ती निर्जंतुक केली, जखमेवर लावली, दुसऱ्या उपचाराशी तुलना केली आणि जे दिसले ते जगापुढे ठेवले. केळीचे पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना नवी कातडी उपटली जात नाही. हे कारण समजले की पान नसेल तिथे दुसरे काय चालेल हेही सुचते.

हळदीशी आपला व्यवहार मात्र तितका स्वच्छ राहिलेला नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि हिंगोली-वसमतच्या मोंढ्यावर तिची मोठी उलाढाल चालते. या जिल्ह्यात हळदीविरुद्ध बोलणे सोपे नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानले, जुन्या ग्रंथांचे आणि १९५३च्या एका भारतीय वैद्यकीय लेखाचे पुरावे दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. तो मोठा विजय होता. पण तिथे सिद्ध झाले ते एवढेच की हळदीचा हा उपयोग नवा नाही. तो गुणकारी आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या खटल्यात नव्हते. हळदीतले कर्क्युमिन परीक्षानळीत उत्साहवर्धक वागते, शरीरात मात्र टिकत नाही, फारसे शोषलेही जात नाही. आणि डब्यातली हळद पूड निर्जंतुक नसते. हडंब्याने फाटलेल्या हातात ती भरली की जखमेचा तळ दिसत नाही, कंडरा तुटली आहे की नाही ते कळत नाही, आणि धुण्यात वेळ जातो. हळदीवर ज्या जिल्ह्याचे पोट चालते त्यानेच हे आधी समजून घ्यावे, आणि तिची नीट परीक्षा करण्याचे कामही इथेच व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे.

जेवणाबद्दलही बोलले पाहिजे. ऑपरेशननंतर अंडी बंद, डाळ बंद, आंबट बंद, कारण जखम पिकते, अशी समजूत घरोघर आहे. नवी ऊती प्रथिनांनी बनते आणि तिचे कोलॅजेन विणायला क जीवनसत्त्व लागते. म्हणजे नेमके जे हवे तेच आपण ताटातून काढतो. वरणाची वाटी वाढवा, अंडे चालत असेल तर रोज द्या, लिंबू पिळा. तंबाखू मात्र खरोखर बंद करावी लागते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि जोडलेले बोट काळे पडू शकते. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम आणि मज्जातंतू दोन्ही मागे पडतात.

पूर्ण तुटलेल्या बोटाचा प्रवास कसा करायचा हे जिल्ह्यातल्या प्रत्येक आखाड्यावर माहीत असावे. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुऊन ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. बोटात स्नायू नसतो, त्यामुळे असे गार ठेवलेले बोट दिवसभरही तग धरू शकते. कोपराखालून तुटलेल्या हातात स्नायू भरपूर असतात; तिथे सहा तासांच्या आसपास रक्त परत सुरू झाले पाहिजे. जखमेवर दाबून धरावे, दोरी आवळून बांधू नये. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरण्याआधी तिथे ही शस्त्रक्रिया करणारा माणूस आहे का हे फोनवर विचारून घ्यावे.

मज्जातंतूचा वेग वाढवता येईल का, हा या शाखेतला सर्वांत जिवंत प्रश्न आहे. कॅनडाच्या टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर लगेच एक तास, सेकंदाला वीस वेळा, सौम्य वीजप्रवाह देऊन पाहिला. त्याने तंतूचा चालण्याचा वेग वाढत नाही, पण तुटलेल्या जागेवर घोटाळणारे तंतू लवकर पलीकडे जातात. मनगटात दबलेल्या मज्जातंतूच्या रुग्णांवरचा त्यांचा प्रयोग २०१०चा आहे. यंत्र साधे आहे, वेळ एक तास. असे काम उद्या मराठवाड्यात होऊ शकते, आणि ते करणारे हात कदाचित आज हिंगोलीत शिकत असतील. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी जन्मलेल्या या जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२४ मध्ये. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि दर सहा माणसांत पाच खेड्यात राहत होती. हाताच्या दुखापतीचा महिनोन्महिने पाठपुरावा करणारा अभ्यास शहरातल्या रुग्णालयाला करता येत नाही, कारण तिथला रुग्ण टाके काढून गावी जातो आणि पुन्हा दिसत नाही. इथला रुग्ण इथेच असतो.

त्याची सुरुवात एका नोंदवहीने व्हावी, असे मी सुचवतो. दुखापत कशाने झाली, किती वाजता, दवाखान्यात किती वाजता पोचला. टाका घालण्याआधी संवेदना तपासली का. मज्जातंतू त्याच दिवशी जोडला, की पुढे पाठवला, की कळलाच नाही. मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात आशाताईंनी घरी जाऊन घ्यायच्या नोंदी: वेगवेगळ्या जाडीच्या नायलॉनच्या तंतूंपैकी कोणत्याचा स्पर्श कळतो, मूठ किती मिटते, बोटे किती उघडतात, नवा भाजल्याचा व्रण आहे का, तंबाखू सुटली का. शेवटचा रकाना मोठा ठेवावा. त्यात रुग्णाच्याच शब्दांत लिहायचे की तो पुन्हा कामाला लागला का, कोणत्या कामाला, आणि कोणते काम अजून जमत नाही.